पाणमांजरांची पिल्लं काय खातात : भोगावतीकाठचे सहा दिवस

दिवस पहिला, रविवार

पहाटे साडेपाचला रंकाळ्यावरून निघालो. ताई, मी आणि ताईंच्या हाताखाली एमएस्सी करणारा एक मुलगा. गाडीच्या मागच्या बाजूला दुर्बीण, तिपाई, तीन मापांच्या चाळण्या, कागदी पाकिटांचा गठ्ठा आणि चहाच्या दोन नव्या गाळण्या. पुईखडीचा चढ संपेपर्यंत अंधार होता. हळदीच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि परित्यापर्यंत आम्ही त्यांच्या मागूनच गेलो. जानेवारीचा शेवट, गाळप हंगाम भरात. एका गुऱ्हाळाची चुलवाण पेटली होती. काच खाली केली तर रसाचा गोड वास गाडीत शिरला.

जिथे मुक्काम केला त्या गावाचं नाव लिहीत नाही. भोगावतीच्या काठचं, कोल्हापूर आणि राधानगरीच्या मधलं एक गाव, एवढंच सांगते. पाणमांजराची कातडी विकली जाते, त्यासाठी त्याची शिकार झाली आहे, आजही होते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी असलेल्या यादीत त्याचं नाव गेलं, ते उगाच नाही. बीळ कुठे आहे हे चारचौघांत सांगायचं नसतं, हा या कामातला पहिला धडा.

गावात ज्यांच्याकडे उतरलो ते मामा पिढीजात मासेमारी करणारे. साठीच्या पुढचे. अंगणात टेकतोय तोवर म्हणाले, "पानमांजर तुमच्या पुस्तकातलं वो बाई. आमच्यात ऊद म्हंत्यात. मधी लई वरसं दिसला न्हवता. आता तीन-चार साल झालं, हाय."

दुपारी नदीवर गेलो. इथे एक कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाआधी बरगे काढतात. आमच्या जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी लिहिते, कारण पुढची सगळी हकीकत या बंधाऱ्याभोवती फिरते. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला डोह, दोन पुरुष खोल, संथ, हिरवा. खालच्या अंगाला बरग्यांच्या फटीतून झिरपणारं पाणी, काळे खडक, त्यांच्या मध्ये घोट्याएवढी आणि गुडघ्याएवढी डबकी. पलीकडच्या काठाला करंज आणि वाळुंजाची झाडं, मुळं उघडी पडलेली. त्या मुळांत बीळ आहे, असं मामा म्हणाले. आम्ही जवळ गेलो नाही.

रात्री भाकरी, आमटी आणि खर्डा खाल्ल्यावर ताईंनी कामाची मांडणी केली. ताई काही वर्षं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर करड्या सीलच्या पिल्लांच्या आहारावर काम करून आल्या आहेत. सील आणि पाणमांजर दोन्ही मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या गणातले, दोघांचं पोट पाण्यावर. प्रश्नही एकच : जंगलातलं, समुद्रातलं किंवा नदीतलं पिल्लू नेमकं काय खातं, हे त्याला हात न लावता कसं समजायचं?

करड्या सीलचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण १४ किलोचं असतं. अठरा-वीस दिवस आईचं दूध पितं. ते दूध इतकं दाट, की निम्म्याहून जास्त चरबीच. रोज दीड-दोन किलो वजन वाढतं आणि पिल्लू ४० किलोच्या पुढे जातं. त्या दिवसांत आई जवळजवळ उपाशी असते. आणि मग एक दिवस ती समुद्रात निघून जाते, परत येत नाही. पिल्लू दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, किनाऱ्यावर एकटं पडून राहतं, अंगातली चरबी जाळतं. भूक असह्य झाली की पाण्यात उतरतं. मासा कसा धरायचा हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं.

"आणि आपली?" मी विचारलं.

"आपली कुटुंबात वाढतात. महिनोन्‌महिने आई-बाप भरवतात. म्हणून इथे एक गोष्ट बघता येते जी तिथे बघता आली नाही," ताई म्हणाल्या. "शिकवणी."

मला झोप लागायला उशीर झाला. वीस दिवसांच्या पिल्लाला सोडून जाणारी आई डोळ्यांपुढून हलेना.

दिवस दुसरा, सोमवार

पावणेसहाला काठावर. मामांनी उसाच्या पाल्याचा आडोसा करून ठेवला होता, त्यात तिघं मांडीला मांडी लावून बसलो. थंडी बरीच. नदीवर वाफ.

सहा चाळीसला आवाज आला. आधी शिट्टीसारखा, मग चिवचिवाटासारखा पण जाडा. डोहाच्या वरच्या टोकाकडून तीन डोकी रांगेत येत होती. मागे पाण्यावर पसरत जाणाऱ्या तीन रेघा. डोकी बुडत, पुन्हा वर येत. दुर्बिणीतून चपटं डोकं, भुरकट गळा, ताठ मिशा स्पष्ट दिसल्या. गुळगुळीत केसांचं पाणमांजर. पूर्ण वाढलेलं सात ते अकरा किलोचं भरतं. बंधाऱ्याच्या कडेने ती खडकांवरून खाली उतरली आणि खालच्या डबक्याशी पोचली तेव्हा मुळांतून पिल्लं बाहेर आली. एक, दोन आणि बऱ्याच वेळाने तिसरं. मांजरीच्या चार महिन्यांच्या पिल्लाएवढी. ताईंच्या अंदाजाने अडीच महिन्यांची.

आमचा तक्ता साधा आहे. वेळ, कोणी धरलं, कोणी खाल्लं, काय होतं, केवढं होतं, खायला किती वेळ लागला. माशाची लांबी मोजता येत नाही, म्हणून ती पाणमांजराच्या डोक्याच्या रुंदीशी ताडायची : एक डोकं, दीड डोकं, दोन डोकी. सीलच्या कामातही असंच करतात.

पहिला मासा मादीने आणला. चिलापी, दीड डोक्याची. ही मूळ आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली, आता आमच्या प्रत्येक नदी-तळ्यात बसलेली. मला वाटलं आता ती पिल्लांपुढे टाकेल. तिने माशाला एकदा चावा घेतला, घोट्याएवढ्या डबक्यात उतरली आणि तोंड उघडलं. मासा जिवंत होता. तो कलंडत, एका बाजूने पोहत दगडाकडे निघाला.

तिन्ही पिल्लं किंचाळत त्याच्यावर पडली. मासा निसटला. पुन्हा पडली. पुन्हा निसटला. मादी दोन हातांवर बसून बघत होती. मासा खोल बाजूला जायला लागला की ती नाकाने त्याला परत उथळात ढकलायची. चौथ्या की पाचव्या वेळी एका पिल्लाला शेपूट सापडलं. त्याने दगडावर चढून शेपटाकडून खायला सुरुवात केली आणि लगेच तोंड झटकलं. चिलापीच्या पाठीवरचे काटे मागे झुकलेले असतात. डोक्याकडून खाल्लं तर ते मिटतात, शेपटाकडून खाल्लं तर टाळूत उभे राहतात. पिल्लाने मासा टाकला, उचलला, पुन्हा शेपटाकडूनच धरला, पुन्हा टाकला. मग पुढच्या दोन पंजांत त्याला फिरवत राहिलं, अगदी लहान मूल कणीस फिरवतं तसं, आणि डोकं तोंडाशी आल्यावर एकदम कराकरा चावायला लागलं. मोठी पाणमांजरं मासा डोक्याकडून का सुरू करतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते शिकताना बघितलं आज.

त्या माशाला अकरा मिनिटं लागली. मोठं जनावर तो दोन मिनिटांत संपवतं. मुलाने वेळ लिहिली आणि ताईंकडे बघितलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

साडेआठपर्यंत कुटुंब होतं. नंतर वाळूत लोळून अंग कोरडं केलं आणि मुळांत गेलं.

दिवस तिसरा, मंगळवार

सकाळी नुसती लगबग दिसली, नोंद घेण्यासारखं थोडंच. दहानंतर आम्ही विष्ठा गोळा करायला उतरलो. परवानगीचा कागद खिशात असला तरी बिळापासून लांब राहायचं आणि जनावरं आत गेल्यावर तासाभराने उतरायचं, हे ठरलेलं.

पाणमांजरांची जागा ठरलेली असते. सगळं कुटुंब एकाच खडकावर, एकाच वाळूच्या पट्ट्यावर येऊन विष्ठा टाकतं आणि तुडवतं. ताजी असेल तर काळपट हिरवी, बुळबुळीत, वासाने दहा पावलांवरून कळते. जुनी झाली की राखेसारखी पांढरी, आत नुसते खवले आणि काटे. आम्ही प्रत्येक नमुना वेगळ्या पाकिटात घेतला. इथे माझी चूक झाली. मी पाकिटांवर पेनाने लिहिलं. परत येताना पाय घसरला, पिशवी पाण्यात टेकली आणि सात पाकिटांवरची शाई पसरली. कुठली कुठल्या खडकावरची हे आता सांगता येत नाही, म्हणून ती सातही बाद. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. शिसपेन्सिल पाण्यात पुसत नाही. वीस वर्षं विज्ञान शिकवते आहे आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुपार-संध्याकाळ मामांच्या परसात. हातमोजे, तोंडाला रुमाल. विष्ठा कपडे धुवायच्या पावडरच्या पाण्यात भिजत घालायची, विरघळली की गाळणीत ओतून बारीक धारेखाली धुवायची. चिकटा निघून जातो आणि गाळणीत उरतं ते जेवणाचं हाडकं-काट्यांचं उष्टं. ते वर्तमानपत्रावर वाळवायचं आणि चिमट्याने वेगळं करायचं.

मामी आधी लांब उभ्या होत्या. मग पदर खोचून जवळ आल्या आणि मी पाकिटं फोडतेय तोवर त्यांनीच नळाची धार धरली.

एकेक काटा बोलतो. शिंगट्याला खवले नसतातच, पण त्याच्या छातीच्या परांचा काटा करवतीसारखा दातेरी असतो, तो ओळखायला भिंग लागत नाही. मरळीचा खवला मोठा. रोहू-कटल्यासारख्या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि ते दात पोटातून शाबूत बाहेर पडतात. माशाच्या कानात एक खडा असतो, चुनखडीचा, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं. त्यावरून जात कळते, आकारही कळतो. सीलच्या आहाराचं निम्मं ज्ञान या खड्यांवर उभं आहे. स्कॉटलंडच्या करड्या सीलच्या विष्ठेत वाळूत राहणाऱ्या सडपातळ माशांचे खडे ढिगाने सापडतात.

पण त्यात खोट आहे, आणि ताईंनी ती पहिल्या तासातच सांगितली. बारीक माशाचा बारीक खडा पोटातल्या आम्लात विरघळतो. मोठ्या माशाचं डोकं सोडून दिलं तर त्याचा खडा पोटात जातच नाही. आणि सर्वांत मोठी अडचण पुढची. सगळं कुटुंब एकाच जागी बसतं. मग माझ्यासमोर वर्तमानपत्रावर वाळतंय हे कोणाचं? आईचं, बापाचं, की पिल्लाचं?

"लहान लेंडी म्हणजे लहान जनावर, असं धरायचं का?" मुलाने विचारलं.

"नाही. मोठं जनावरही खूण ठेवायला थेंबभर टाकतं," ताई म्हणाल्या. "किनाऱ्यावर सीलच्या कळपातही हेच व्हायचं. म्हणून तिथे आम्ही मिशी वापरायचो."

मिशीचा प्रकार ऐकून मी हातातलं काम थांबवलं. मिशी वाढत जाते तशी त्या त्या दिवसाच्या अन्नाची रासायनिक नोंद तिच्यात बसत जाते. नायट्रोजनचं एक जड रूप असतं. खाणारा खाल्लेल्याच्या एक पायरी वर असेल तर त्याच्या अंगात ते थोडं जास्त सापडतं. शेवाळापेक्षा किडा वर, किड्यापेक्षा मासा वर, माशापेक्षा सील वर. आणि दूध पिणारं पिल्लू आईपेक्षाही एक पायरी वर निघतं, जणू त्याने आईलाच खाल्लंय. रसायनशास्त्राच्या भाषेत ते खरंच आहे. दूध तुटलं की हा आकडा उतरायला लागतो आणि पिल्लाने स्वतः खायला कधी सुरुवात केली ते दिसतं.

इथे मिशी कापायची तर पिल्लू धरावं लागेल. ते आम्ही करणार नाही. तेव्हा डोळे आणि चिकाटी, एवढंच हत्यार.

दिवस चौथा, बुधवार

दाट धुकं. रात्री धरणातून पाणी सोडलं असावं, बंधाऱ्याखालचे सपाट खडक वीतभर पाण्यात गेले होते. आठपर्यंत काही नाही. संध्याकाळीही नाही.

मामा जाळं शिवत बसले होते. दोन ठिकाणी हात जाईल एवढी भोकं. मी विचारायच्या आतच म्हणाले, "त्येचंच काम हाय. जाळ्यातला मासा वडून नेतंय, त्येच्यासंगट जाळं बी." थोड्या वेळाने सुई थांबवून पुढे बोलले, "राग येतोय. न्हाई म्हनू कशाला? खरं, ज्या साली ऊद न्हवता त्या साली मासाबी न्हवता."

जाळ्याचं नुकसान हा बारीक प्रश्न नाही. नदीवर पोट असलेल्या माणसाला आठवड्याची कमाई लागते नवीन जाळ्याला. पाणमांजर वाचवायचं म्हणणाऱ्या आम्हा शहरातल्या माणसांनी या भोकाचे पैसे कोण देणार हे आधी ठरवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आम्ही तिघांनी मिळून मामांच्या जाळ्याला दोरा आणून दिला. त्याने काही फिटत नाही.

दिवस पाचवा, गुरुवार

पाणी उतरलं होतं. खडक ओले, चकचकीत.

सहा पन्नासला कुटुंब आलं. आज मादी आणि एक मोठं जनावर डोहात राहिलं. पिल्लांबरोबर तिसरं होतं, अंगाने जरा बारीक. मागच्या विणीतलं असावं. ताई याला दादा म्हणायला लागल्या. दादा खडकावर आडवा पडला आणि पिल्लं आपापली सुटली.

इथून पुढची चाळीस मिनिटं मी तक्त्यावर सरळ ओळीत लिहू शकले नाही.

सगळ्यांत बारकं पिल्लू, ज्याच्या डाव्या कानाशी फिकट ठिपका आहे, ते गुडघाभर पाण्याकडे गेलंच नाही. बरग्यांतून पाण्याची चूळ पडते तिथे गोट्यांचा उतार आहे, पाणी चार बोटं. ते तिथे उभं राहिलं, मान वर, नजर भलतीकडेच, आणि पुढचे दोन्ही पंजे दगडाखाली घालून चाचपायला लागलं. डाळीत हात घालून खडा शोधणारी बाई जशी बघत नाही, बोटांनीच बघते, तसं. एक दगड झाला, दुसरा झाला. तिसऱ्याखाली काहीतरी लागलं. पंजे झटकन बाहेर, तोंडाशी, आणि कटकट चावणं. एवढं जवळ असूनही मला ते काय होतं दिसलं नाही. पंजाच्या आत मावलेलं काहीतरी.

मी तक्त्यावर लिहिलं : धरलं – पिल्लू. खाल्लं – पिल्लू. आकार – पाव डोकं. काय – ?

असं त्याने नऊ वेळा केलं. सहा वेळा काही मिळालं. आईने आणलेल्या चिलापीसाठी बाकीची दोन किंचाळत पळाली तेव्हाही ते दगडांतच होतं. शेवटी ते एका सपाट काळ्या दगडावर चढलं, पाण्याकडे पाठ केली, शेपूट उचललं.

ताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. "दगड लक्षात ठेव. दगड सोडू नको."

आम्ही तिघंही त्या एका दगडाकडे बघत राहिलो. नवाला कुटुंब गेलं. आणखी एक तास थांबलो, नियम म्हणजे नियम. दुसरं कोणी त्या दगडावर आलं नाही. मग मी चपला काढून गेले. अंगठ्याच्या पेराएवढं, काळं, ओलं. पाकिटावर शिसपेन्सिलीने तारीख, वेळ आणि खाली एक ओळ : पिल्लाची, डोळ्यांनी पाहिलेली.

पाच दिवसांच्या सगळ्या नमुन्यांत कोणाची आहे हे खात्रीने सांगता येईल अशी ही एकच.

संध्याकाळपर्यंत वाट बघवेना. दुपारीच धुतली. अगदी बारीक गाळणी, त्याखाली पुन्हा मलमलीचं फडकं. माशाचे मणके निघाले, टाचणीच्या डोक्याएवढे. एका पाणकिड्याचा पाय. वाळूचे कण. आणि बाकी सगळे तांबूस, पातळ, चंद्रकोरीसारखे तुकडे. त्यात एक अख्खी नांगी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही बोटं जागेवर, आतल्या कडेला दातेसुद्धा.

खेकडा. खेकड्याचं पोर.

मामांना भिंग दिलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. मग नांगी नखाच्या टोकावर घेतली.

"ही बंधाऱ्याखालची," ते म्हणाले. "वर डोहात ह्ये घावत न्हाईत. दगडाखाली असत्यात, वाहत्या पान्यात. बारकी पोरं आमीबी हितंच धरायचो. मास्यापरास सोपं."

खेकड्याचं पोर दगडाखालून पळून लांब जात नाही. अडीच महिन्यांच्या पंजांना जमेल असं तेवढंच. ज्या सीलच्या पिल्लांना आई सोडून जाते त्यांचंही असंच असतं, ताई सांगत होत्या. बर्फावर जन्मणाऱ्या हार्प सीलला जेमतेम बारा दिवस दूध मिळतं. ते पाण्यात उतरलं की आधी मोठ्या माशामागे लागत नाही, कोळंबीसारख्या बारीक, थव्याने तरंगणाऱ्या जिवांवर सुरुवात करतं. मासे नंतर. पहिली शिकार हळू चालणारी आणि तोंडात मावणारी लागते.

आपण नदी म्हटली की डोह बघतो. डोह भरलेला दिसला की नदी बरी आहे असं मानतो, बंधाऱ्यावर उभं राहून फोटोही वरच्या अंगाचाच काढतो. मीही तेच करत आले. पाणमांजराचं मोठं जनावर डोहात पोट भरेल. पण त्याचं पिल्लू शिकतं ते खालच्या चार बोटं पाण्यात, गोट्यांच्या उतारावर. तो उतार गेला तर बीळ शाबूत असून, मासे असून, पिल्लाला पहिला घास स्वतः मिळवायची जागा उरत नाही. एका लेंडीवरून एवढं बोलू नये, हे ताईंनी दोनदा बजावलं. मी त्यांचं ऐकते. तरी मला जे वाटलं ते वाटलं.

दिवस सहावा, शुक्रवार

सकाळी नदीकडे गेलो ते जनावरांसाठी नाही, दगडांसाठी. कुटुंब वरच्या अंगाला गेलंय याची खात्री करून घेतली. मुलाने पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट केली होती. ती बंधाऱ्याखालच्या उतारावर ठेवायची, आतला प्रत्येक दगड हलक्या हाताने उलटायचा, खाली काय आहे ते मोजायचं आणि दगड होता तसा, होत्या तोंडाने परत ठेवायचा. दगड उलटा ठेवला की त्याच्या पोटाला चिकटलेली अंडी मरतात. गोगलगायी, शिंपले, पाणकिडे. मुरी मासळी, बोटाएवढी, वाळूत निम्मी रुतलेली. आणि खेकडे. बारके, नखाएवढे, तिरके पळणारे. पहिल्याच चौकटीत मुलगा मोजताना दोनदा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला.

जेवण करून निघायचं होतं, पण मामा म्हणाले, खाली एक जागा दाखवतो. अर्धा किलोमीटर गेलो. इथे काही वर्षांपूर्वी वाळू उपसली होती. कोणी, ते मामांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काठ उभा तुटलेला, भिंतीसारखा. पाणी गढूळ आणि स्थिर. झाडांची मुळं हवेत लोंबत होती, पण त्यांत कोणी राहत असल्याची काही खूण नव्हती, ना पंजाचा ठसा, ना वास.

मामांनी हातातली काठी पाण्यात घातली. काठीची मूठ बुडाली, त्यांचा कोपर बुडाला, तळ लागला नाही.

"आमी हितं पवायला शिकलो," ते म्हणाले. "पायाखाली वाळू लागायची. हितं, काठाशी, पोरं बसवायचो आमी पान्यात."

मुलाने चौकट आणली होती. ती ठेवायला जागाच नव्हती. तरी त्याने तक्ता काढला, पेन्सिलीने ठिकाण लिहिलं, वेळ लिहिली. खेकडे, शून्य. मुरी, शून्य. दगडांच्या रकान्यात काय लिहावं हे त्याला सुचेना. ताईंनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं : तळ लागला नाही.

अडीच वाजता गाडी काढली. परित्याच्या पुढे पुन्हा ट्रॉल्यांमागे अडकलो. मांडीवर पाकिटांचा डबा होता, तो मी पुईखडी येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला.